पाणी केव्हा प्यायलात?

आमच्या सेंटरवर हृदयाच्या इकोच्या तपासणीला आलेला माणूस टेबलावर आडवा झाला की मोकाशीजी त्याला दम लागतो का, छातीत दुखतं का, असलं काही आधी विचारत नसत. पहिला प्रश्न ठरलेला असे, "पानी कब पिया था?"

एका म्हातारीला वाटलं होतं, यांनाच तहान लागली आहे. ती पडल्या पडल्या सुनेला म्हणाली, बहू, भैयाजी को पानी दे. मोकाशीजींनी खरंच ते पाणी घेतलं, अर्धं स्वतः प्यायले, अर्धं म्हातारीला पाजलं आणि मग छातीवर फिरवायचा प्रोब हातात घेतला. जेलची बाटली ते नेहमी कोमट पाण्याच्या वाडग्यात ठेवत. गार जेल छातीला लागलं की माणूस दचकतो, नाडी वाढते आणि मग आपण दचकलेलं हृदय मोजतो, असं त्यांचं म्हणणं.

झाशीत सीपरी बाजारमधल्या त्या हृदयरोगाच्या सेंटरवर मी लागले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. नवरा फौजेतून सुटून बिजौलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर झाला होता, आणि मी साताऱ्याहून टेक्निशियनचा कोर्स करून आलेली. इको कशी करायची हे मला कोर्सने शिकवलं. इको वाचायची कशी, ते मोकाशीजींनी. ते डॉक्टर नव्हते. माझ्यासारखेच टेक्निशियन, फक्त माझ्यापेक्षा बावीस वर्षांनी जुने. मोजमाप ते घेत, सही डॉक्टरसाहेब करत.

त्यांचं घराणं झाशीत सहा-सात पिढ्यांपासून. मूळ गाव कुठलं, हे घरात कुणालाच धड माहीत नव्हतं. त्यांचं मराठी ऐकून मला सुरुवातीला हसू यायचं. "तुम्ही खाना खाल्ला का जी?" असं विचारणारा माणूस पुढच्याच वाक्यात तांब्याला गडवा म्हणायचा आणि झोपण्याला निजणं. माझी आजी बोलायची तसले शब्द हिंदीच्या मधूनमधून निघायचे. मी मराठी आहे हे कळल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "तुमच्या तिकडे अजून गडवा म्हणतात?" नाही म्हटल्यावर थोडे हिरमुसले. पुढे मी त्यांना चारचौघांत मोकाशीजी म्हणायची आणि दोघंच असलो की काका.

पाण्याचं त्यांचं वेड कशापायी, ते मला पंधरा दिवसांनी समजलं. इकोमध्ये एक आकडा सगळ्यांना हवा असतो. हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतो, तो आकडा. साठच्या वर असला की पेशंट खूश, डॉक्टर खूश. चाळीसच्या खाली गेला की घरचे रडायला लागतात. मी तो आकडा मोठ्या आत्मविश्वासाने काढून दाखवला, तेव्हा काका म्हणाले, "हा आकडा दोघांचा आहे जी. अर्धा स्नायूचा, अर्धा भरण्याचा. आत किती आलं होतं ते न लिहिता बाहेर किती गेलं ते लिहिलंत, तर तुम्ही काय मोजलंत?"

स्नायू तोच, पण कप्प्यात रक्त कमी आलं तर तो कमी ताणला जातो आणि कमी जोराने आवळतो. जास्त आलं तर जास्त. म्हणजे उन्हातान्हातून पायी आलेला, सकाळपासून पाण्याचा थेंब न घेतलेला माणूस आणि तोच माणूस दोन ग्लास ताक पिऊन, यांची मोजमापं वेगळी येणार. निव्वळ स्नायूची ताकद तेवढी अलग काढून दाखवणारं यंत्र आपल्याकडे नाही, असं ते म्हणायचे. म्हणून प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी ते पेनाने एक ओळ लिहीत. निर्जल उपवास, नाडी अमुक. डायलिसिसनंतर दोन तासांनी. काल रात्रीपासून उलट्या. डॉक्टरसाहेबांना ते आवडायचं नाही. रिपोर्ट म्हणजे काय रोजनिशी आहे का, असं ते एकदा सगळ्यांदेखत बोलले. मोकाशीजी "जी साब" म्हणाले आणि पुढच्या रिपोर्टवर जरा बारीक अक्षरात लिहिलं.

त्यांच्याकडे एक शाळेची वही होती. जेवणाच्या सुट्टीत ते शर्ट काढून टेबलावर आडवे होत आणि डाव्या हाताने स्वतःचीच इको काढत. जेवणाआधी, जेवणानंतर, दोन गडवे पाणी पिऊन, जिना चढून. सगळं त्या वहीत. मी लागले तेव्हा ती चौथी वही चालू होती. कशासाठी हे सगळं, असं मी विचारलं तर म्हणाले, "एकच माणूस आहे ज्याला मी रोज त्रास देऊ शकतो."

त्यांच्या त्या ओळीने एका माणसाची नोकरी वाचवलेली मी पाहिली. बबीना छावणीचा एक हवालदार होता, शेलार नावाचा, बीडकडचा, माझ्या नवऱ्याच्या ओळखीचा. मे महिन्यात सरावावरून आल्यावर त्याला जुलाब-उलट्या झाल्या होत्या आणि त्या आजारपणातच कुठेतरी त्याची इको झाली होती. स्नायू कमजोर, असा शेरा पडला. आता बढती जाणार, कदाचित घरीही पाठवतील, म्हणून तो हादरून आमच्याकडे दुसऱ्यांदा तपासायला आला. तपासणीला उपाशी यायचं असतं असं समजून दुपारच्या उन्हात बसने आला होता, ओठ सुकलेले. मोकाशीजींनी मोजलं, तर आमच्या यंत्रावरही स्नायूचा वेग कमीच आला. शेलारने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"ताई, याचे दोन्ही पाय धरून वर उचला," मोकाशीजी मला म्हणाले.

मी पाय उचलून धरले. पायांतलं रक्त हृदयाकडे परत येतं, एवढीच त्यातली युक्ती. मिनिटाभरात पडद्यावरचा आलेख उंचावला. मग त्यांनी शेलारला कूलरसमोर बसवलं, मीठ-साखरेचं पाणी पाजत राहिले आणि दोन तासांनी पुन्हा मोजलं. अगदी निरोगी माणसाचं हृदय. तिन्ही मोजमापं त्यांनी वेळेसकट एकाखाली एक लिहिली आणि स्वतः डॉक्टरसाहेबांसमोर जाऊन उभे राहिले. साहेबांनी बराच वेळ कागद पाहिला. मग सही केली. शेलार पुढे सुभेदार झाला, आणि साहेबांनी तळाच्या ओळीबद्दल पुन्हा कधी टोकलं नाही.

असा हा माणूस. म्हणून पुढचं सांगायला मला जड जातं.

त्यांच्या पत्नी कुमुदकाकू मुलींच्या एका शाळेत भूगोल शिकवायच्या. ओरछा गेटजवळच्या गल्लीत त्यांचं घर होतं. मूलबाळ नव्हतं. काकू ठेंगण्या, भराभर चालणाऱ्या, बोलताना हातांनी नकाशे काढणाऱ्या. त्यांच्या हृदयाच्या डाव्या बाजूची एक झडप ढिली होती. दर ठोक्याला थोडं रक्त पुढे जायच्याऐवजी मागे गळायचं. त्रास काही नव्हता. वर्षातून एकदा त्या आमच्याकडे तपासायला यायच्या आणि टेबलावर पडल्या पडल्या मला सांगायच्या, "घरी बघ कधी पाणी विचारत नाहीत. इथे निजवून विचारतात." काका मान खाली घालून हसायचे.

गळक्या झडपेत तो टक्क्यांचा आकडा सर्वात लबाड होतो, हे मला काकांनीच शिकवलं होतं. कप्पा नेहमीपेक्षा जास्त भरतो, आणि रिकामं व्हायला त्याला मागचा सोपा रस्ता मिळतो. त्यामुळे स्नायू आतून थकत चालला तरी आकडा साठच्या वर राहतो, चांगला दिसतो. म्हणून अशा पेशंटमध्ये आणखी एक माप बघायचं असतं. पूर्ण आवळल्यावर कप्पा केवढा उरतो, ते. चाळीस मिलिमीटरपर्यंत आला की थांबायचं नाही, ऑपरेशन करून झडप दुरुस्त करायची. त्यापुढे उशीर.

मी पाहिलेल्या पहिल्या तीन वर्षांत काकूंचं माप छत्तीस, छत्तीस आणि अडतीस आलं. चौथ्या वर्षी त्या आल्या तो दिवस हरतालिकेचा होता. शाळा अर्ध्या दिवसाने सुटली, तर म्हटलं जाऊन येऊ, असं म्हणाल्या. हाताला मेंदी होती. झाशीतल्या शेजारणींच्या संगतीने त्या हा तीजेचा उपास पाण्याशिवाय करायच्या, हे मला माहीत होतं. काकांना तर होतंच.

त्या दिवशी त्यांनी पाण्याचं विचारलं नाही.

दुसरा कुणी पेशंट असा निर्जळी आला असता तर त्यांनी उद्या या म्हणून परत पाठवला असता. काकूंच्या छातीवर त्यांनी प्रोब ठेवला आणि मोजायला लागले. मी शेजारी बसून आकडे लिहीत होते. त्यांचा नियम तीन ठोके मोजून सरासरी काढायचा. पहिल्या ठोक्याला पडद्यावर एक्केचाळीस दिसलं. त्यांनी ते पुसलं. दुसऱ्याला चाळीस. तेही पुसलं. तिसऱ्याला त्यांनी रेघ जरा आतून ओढली आणि मला सांगितलं, "एकोणचाळीस लिहा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पडद्याकडेच बघत होते. मी एकोणचाळीस लिहिलं. टक्क्यांचा आकडा बासष्ट होता, गळतीही कमी दिसत होती. उपाशी, कोरड्या शरीरात ती कमी दिसणारच. रिपोर्टच्या तळाशी त्या दिवशी ओळ नव्हती. डॉक्टरसाहेबांनी कागद पाहिला, वहिनीजी एकदम ठीक आहेत म्हणाले आणि पुढच्या वर्षाची तारीख दिली. काकू जाताना मला म्हणाल्या, वाचले बाई, ऑपरेशन म्हटलं की माझे हातपाय गळतात. काका त्यांच्या मागे जिना उतरत होते. इतका मोकळा झालेला चेहरा मी त्यांचा आधी पाहिला नव्हता.

मी का बोलले नाही, हे स्वतःला पुष्कळदा विचारून झालं आहे. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे एक कारण. दुसरं, तो मोकळा चेहरा.

आठ महिन्यांनी काकूंना वर्गाचा जिना चढवेना. तपासलं तर माप शेहेचाळीस आणि टक्के चोपन्न. गळक्या झडपेत चोपन्न म्हणजे फार वाईट. दिल्लीला ऑपरेशन झालं. झडप सुरेख दुरुस्त झाली, तिथल्या सर्जनने स्वतः फोन करून सांगितलं. पण मागचा सोपा रस्ता बंद झाला, सगळं रक्त पुढेच ढकलायची वेळ आली आणि स्नायूचं खरं बळ उघडं पडलं. परत आल्यावरची पहिली इको काकांनी केली नाही. मला करायला लावली आणि ते दाराबाहेर उभे राहिले. अडतीस टक्के आले. मी बाहेर जाऊन सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "पाणी प्यायली होती ना?" मी म्हटलं, भरपूर. मग त्यांनी मान हलवली.

काकू त्यानंतर दीड वर्ष होत्या. औषधांवर थोड्या सावरल्या, हट्टाने शाळेतही जायला लागल्या. मग पायांवर सूज, मग उशांना टेकून बसणं. दुसऱ्या हिवाळ्यात, एका सकाळी, केस विंचरून घेताना गेल्या. विंचरत होते ते काकाच.

महिन्याभराने ते कामावर आले. त्याच दिवशी त्यांनी डॉक्टरसाहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. पुसलेले आकडे, उपास, न लिहिलेली ओळ. मला बरोबर नेलं नाही, माझं नावही घेतलं नाही. साहेब चांगला माणूस होता. एक-दोन मिलिमीटरचा फरक कुणाच्याही हातून होतो, आठ महिने आधी ऑपरेशन झालं असतं तरी खात्री नव्हती, असं त्यांनी समजावलं. काकांनी राजीनाम्याचा कागद पुढे केला, तो त्यांनी फाडला.

त्या दुपारी चहाच्या टपरीवर काकांनी मला ते सांगितलं. मग म्हणाले, "कुमुदला मी आधीच सांगितलं होतं. दिल्लीहून आलो त्याच आठवड्यात."

ते सांगत गेले. काकू पलंगावर बसून मुलींचे पेपर तपासत होत्या. काका पायथ्याशी बसले आणि एकोणचाळीसची सगळी गोष्ट त्यांना सांगितली. काकूंनी लाल पेनाचं टोपण लावलं.

"ती काय म्हणाली माहीत आहे?" काका मला म्हणाले. "म्हणाली, मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही पाण्याचं विचारलं नाहीत, तेव्हाच कळलं. मलाही ऑपरेशन नको होतं, म्हणून मीही उपासाचं बोलले नाही. आपण दोघांनी मिळून केलं हे."

चहा निवला होता. ते कप नुसता धरून होते.

"ती माझं ओझं अर्धं घेत होती जी," ते म्हणाले. "पण मोजायचं काम तिचं नव्हतं. माझं होतं."

मी तेव्हा सांगितलं की एक्केचाळीस मीही पाहिलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. म्हणाले, मला माहीत आहे. आणि पुढे एवढंच म्हणाले की पुन्हा कधी असं दिसलं तर माझा हात धरा.

त्यानंतर आमच्या खोलीत पद्धत बदलली. कुठलंही महत्त्वाचं माप मी वेगळं घ्यायचं, त्यांनी वेगळं, एकमेकांचे आकडे न बघता. ओळखीचा पेशंट असला तर ते प्रोबला हातच लावत नसत. स्वतःची इको काढणं त्यांनी सोडलं. शर्ट काढून आडवे होताना ते मला पुन्हा कधी दिसले नाहीत.

नवीन टेक्निशियन शिकायला आले की ते एक केस सांगायचे. बाई, वय एकोणपन्नास, झडप ढिली, त्रास नाही. टक्के बासष्ट, माप एकोणचाळीस. आता सांगा काय करायचं. पोरं-पोरी म्हणायची, ठीक आहे, वर्षाने बोलवा. मग ते सांगायचे की ही बाई त्या दिवशी पाणी न पिता आली होती. कप्पा कमी भरलेला होता, म्हणून लहान दिसला. शिवाय मोजणाऱ्याला लहानच दिसायला हवा होता. ते अगदी सपाट आवाजात बोलत, जणू पुस्तकातलं वाचताहेत. एकदा कानपूरच्या एका मुलीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, उस टेक्निशियन को निकाल दिया होगा ना?"

मी खिडकीशी जेलच्या बाटल्या भरत होते.

"नहीं बेटा," मोकाशीजी म्हणाले. "अभी वहीं काम करता है।"

मुलगी म्हणाली, ये तो गलत है सर. ते म्हणाले, हां, है. आणि पुढचा पेशंट आत बोलवला.

दोन वर्षांनी नवऱ्याला पुण्यात नोकरी लागली आणि आम्ही झाशी सोडायचं ठरवलं. सेंटरवर निरोपाचा चहा झाला. काकांना तेव्हा निवृत्त होऊन चार महिने झाले होते, त्यांना बोलावणं गेलं होतं, पण ते आले नाहीत. मी घरी जाऊन आले तर कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, दोपहर को रोज निकल जाते हैं.

निघायच्या दिवशी सामान ट्रकने पुढे गेलं होतं. आम्ही ऑटोने स्टेशनकडे चाललो होतो. वाटेत काकूंची शाळा लागते. सुटायची वेळ होती, रस्ता निळ्या गणवेशाच्या मुलींनी भरून गेला होता, म्हणून ऑटो थांबला. समोरच्या फुटपाथला स्कूटर लावून काका उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. आजूबाजूला आणखी काही बाप, नवरे, भाऊ आपापल्या गाड्यांपाशी उभे होते, तसेच तेही.

मी उतरायला निघाले, तर नवऱ्याने माझा हात दाबला. मी बसून राहिले.

मुली पांगल्या. मग दोघी-तिघींच्या घोळक्याने शिकवणाऱ्या बाया बाहेर पडल्या. त्यांतल्या एकीने काकांना पाहून मान लववली. त्यांनीही लववली. सगळ्यात शेवटी एक म्हातारी बाई हातात रजिस्टर घेऊन बाहेर आली आणि रिक्षात बसून गेली. चपराशाने फाटकाचं एक दार लावलं, मग दुसरं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. खिशातून रुमाल काढून मागच्या सीटवरची धूळ नीट पुसली, दोन्ही बाजूंनी. मग स्कूटर सुरू केली आणि थोडं पुढे सरकून बसले.